सात किलोमीटरवरची शाळा

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात बाबांच्या पलंगाखाली एक लोखंडी पेटी आहे. घरातल्या सगळ्यांचे कागद तिच्यात असतात. आजोबांची बी.ए.ची पदवी नागपूर विद्यापीठाची, कारण तेव्हा रायपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर होती. १९५६ साली राज्य बदललं, राजधानी भोपाळला गेली, आणि १९६३ मध्ये बाबा बी.एस्सी. झाले ते सागर विद्यापीठाचे. माझी १९९६ ची बारावी भोपाळच्या मंडळाची. एम.एस्सी. २००१ ची, रायपूरच्याच पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाची; तोवर छत्तीसगड होऊन वर्षही झालं नव्हतं. तिन्ही पिढ्या शिक्षकांच्या, आणि माझ्यापर्यंत कुणीच नोकरीसाठी रायपूर सोडलेलं नव्हतं. आजोबा तात्यापाऱ्यात भाड्याच्या घरात राहिले, बाबांनी चौबे कॉलोनीत घर बांधलं. माणसं जागेवरच होती, कागदांवरचे शिक्के तेवढे बदलत गेले.

२०१५ साली मस्कतच्या एका भारतीय शाळेत मला विज्ञान शिक्षिकेची नोकरी मिळाली, तेव्हा बाबांनी ही पेटी बाहेर ओढली. परदेशी नोकरीसाठी पदव्या साक्षांकित कराव्या लागतात, आणि ज्या राज्यातून कागद निघाला त्या राज्याचा शिक्का आधी लागतो. एम.एस्सी. आणि बी.एड.चं काम रायपुरातच झालं. विद्यापीठात पडताळणी, मग नव्या रायपुरात महानदी भवनात मंत्रालय, मग दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा शिक्का. ओमान २०१२ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. दुबईला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मात्र वकिलातीतही कागद द्यावे लागले आणि तिथे पोचल्यावर पुन्हा तिथल्या मंत्रालयातही. माझी अडचण बारावीची होती. शाळेला बारावीपासूनचे सगळे कागद हवे होते, आणि माझी बारावी भोपाळची. ज्या शाळेत मी शिकले ती या घरापासून दोन किलोमीटरवर, पण त्या कागदासाठी बाबा रात्रीच्या गाडीनं भोपाळला गेले. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले. परत आले ते पाकीट छातीशी धरूनच. म्हणाले, ‘‘हो गया बेटा. आता तू मोकळी.’’

‘मोकळी’ हा शब्द मला पुढे फार आठवला.

मस्कतमध्ये मी दार्सैत भागात दोन शिक्षिकांबरोबर खोली घेऊन राहत होते. एक केरळची, एक हैदराबादची. नवरा आणि अकरा वर्षांचा मुलगा रायपुरात, आई-बाबांच्या आधारानं. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी सकाळी आठवडा सुरू. शाळेचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, अभ्यासक्रम सीबीएसईचा. ओमानमधल्या भारतीय शाळांची परंपरा १९७५ पासूनची आहे, आणि वर्गात मल्याळी, तमिळ, तेलुगू, गुजराती, मराठी, सगळ्या घरांतली मुलं असतात. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. काम मनापासून आवडायचं. पण मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आणि मला अकरावी-बारावीला शिकवायचं होतं. त्या शाळेत ती जागा नव्हती आणि पुढची काही वर्षं रिकामी होण्यातली नव्हती.

२०१८ च्या जानेवारीत दुसऱ्या एका भारतीय शाळेत बारावीच्या भौतिकशास्त्राची जागा निघाली. माझ्या खोलीपासून सात किलोमीटर. मी मुलाखत दिली, वर्गात धडा घेऊन दाखवला. विषय त्यांनीच दिला होता, लेन्झचा नियम. तांब्याच्या पोकळ नळीतून चुंबक सोडला की तो हळू का पडतो, ते मी मुलांना नळी घेऊन दाखवलं. नेमणूक झाली. पगार ७० रियालांनी जास्त. माझा करार मार्चअखेर संपत होता, म्हणजे वेळही जुळून आली होती. राहिला होता एकच कागद, ना हरकत प्रमाणपत्र. तिथे सगळे त्याला ‘एनओसी’ म्हणतात, किंवा नुसतं ‘रिलीज’.

आखातात नोकरीचा व्हिसा माणसाच्या नावावर असला तरी टांगलेला असतो मालकाच्या नावाला. या पद्धतीला कफाला म्हणतात आणि मालकाला कफील. देशात राहण्याची परवानगी, काम करण्याची परवानगी, दोन्ही कफीलामार्फतच. ओमाननं १ जुलै २०१४ पासून एक नियम पुन्हा लागू केला होता: आधीच्या मालकाची ना हरकत नसेल, तर देश सोडल्यापासून दोन वर्षं नव्या मालकाच्या व्हिसावर परत येता येत नाही. करार पुरा केला असला तरीही. नोकरी सोडण्याला बंदी नव्हती, नवी धरण्यावर होती. घरी येऊन बसायचं, दोन वर्षं मोजायची, मग परत यायचं.

मला हे ठाऊक होतं. ज्या वर्षी मी गेले त्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट, स्टाफरूममध्ये सगळे त्याबद्दल बोलायचे. पण मला वाटायचं, शाळा म्हणजे काही बांधकामाची कंपनी नव्हे. शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातो, विद्यार्थी तेच, बोर्ड तेच, पुस्तकं तीच. हरकत कशाची असणार?

माझ्या शाळेच्या कार्यालयात मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. बोलणं शांतपणे झालं. ‘‘आम्ही रिलीज देत नाही. आमचं धोरण आहे. एकाला दिलं तर सगळेच मागतील.’’ मी म्हटलं, माझा करार पुरा होतोय, तीन वर्षांत एकही दिवस विनापरवानगी गैरहजर नाही, दहावीचा निकाल तुमच्यासमोर आहे. ते म्हणाले, ‘‘म्हणूनच. चांगला शिक्षक आम्ही का सोडू?’’ मुख्याध्यापकांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या हातात काही नाही. मला ते खरं वाटलं. ते स्वतःही कुणाच्या तरी व्हिसावरच होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. नववीतल्या मुलांना मी समजावून सांगायचे, काम म्हणजे बल गुणिले विस्थापन. वस्तू जागची हलली नाही तर कितीही जोर लावा, काम शून्य. तीन वर्षं शिकवलं, आणि मी तिथून सात किलोमीटर हलू शकत नव्हते. माझी पदवी माझी होती, ती बाबांनी छातीशी धरून आणली होती. पण त्या पदवीच्या जोरावर मी मिळवलेला अनुभव, तो कुणाचा होता? वर्गात जे काही मी शिकले, कोणत्या मुलाला कसं समजावलं की डोळे चमकतात, ते सगळं माझ्याबरोबर चालत येतं असं मी समजत होते. त्या टेबलासमोर मला कळलं की कायद्याच्या लेखी ते मालकाच्या कपाटात ठेवलेलं आहे आणि किल्लीही त्यांच्याकडेच. याला मी आजही अन्याय म्हणते. शिक्षकाची वर्षं शिक्षकाची असतात.

त्याच शाळेत आणखी एक करार करून थांबता आलं असतं. पुष्कळ जणी तसंच करतात, आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. घरी मुलांच्या फिया, कर्जाचे हप्ते असतात. मी थांबले नाही. अनुभवाचा दाखला शाळा सोडण्याआधीच हातात घेतला, हिशेब घेतला, आणि एप्रिल २०१८ मध्ये व्हिसा रद्द करून मुंबईमार्गे रायपूरला परत आले. माना विमानतळावर बाबा उभे होते. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘काय होऊन राहिलं बेटा?’’ मला सांगताच येईना. शेवटी मी म्हटलं, त्यांची हरकत आहे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आमचं तर राज्यच बदललं. आम्हाला कुणी विचारलं नाही, हरकत आहे का.’’

दोन वर्षं मी पुढच्या खोलीत अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतल्या. सकाळी साडेसहाला पहिली तुकडी, संध्याकाळी दोन. समता कॉलोनीतून, रामकुंडातून, आमापाऱ्यातून मुलं सायकलनं यायची. शिकवणी हिंदीत, पाढे माझ्या डोक्यात मराठीत, आणि सूत्रं फळ्यावर इंग्रजीत. रायपूरच्या मराठी घरात हे असंच असतं. कॉलोनीतच महाराष्ट्र मंडळाची इमारत. मंडळ १९३५ पासूनचं, आजोबा तिथे नाटकांना जायचे. गणपतीत मी आईबरोबर तिथे गेले की ओळखीच्या काकू हमखास विचारायच्या, ‘‘काय गं, परत कधी जाणार? सोडून आलीस की काढलं?’’ त्यांचा हेतू वाईट नसायचा. पण ‘बॅन’ हा शब्द एकदा कानावर पडला की ऐकणाऱ्याला वाटतं, या बाईनं काहीतरी केलं असणार. किती जणांना समजावू? करार पुरा केल्यावर बंदी आली, हे वाक्य ज्यानं ऐकलं त्यानं पुन्हा विचारलं, मग बंदी कशाची?

त्या दोन वर्षांत मुलगा नववीतून दहावीत गेला. त्याची दहावीची परीक्षा २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तेव्हा मी घरी होते, रात्री दूध गरम करून देत होते, त्याच्याबरोबर प्रकाशाचे किरण काढत होते. हे मला मिळालं, आणि मी ते मोलाचं मानते. पण म्हणून त्या नियमाचे आभार मानायला मी तयार नाही. मुलाजवळ राहायचं की नाही, हे मी ठरवायला हवं होतं.

एप्रिल २०२० मध्ये माझी दोन वर्षं पुरी झाली. त्याच्या तीन आठवडे आधी, २३ मार्चपासून, कोरोनामुळे भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं थांबली होती. कॅलेंडरवर मी लाल पेनानं खूण केलेली तारीख आली आणि गेली; त्या दिवशी चौबे कॉलोनीच्या रस्त्यावर एक माणूस दिसत नव्हता.

मग जूनमध्ये, मस्कतच्या माझ्या केरळच्या मैत्रिणीचा फोन. आवाज चढलेला. ‘‘तुला कळलं का? एनओसी काढून टाकतायत!’’ ओमाननं परदेशी नागरिकांच्या वास्तव्याच्या नियमात बदल जाहीर केला होता. १ जानेवारी २०२१ पासून करार संपला किंवा रीतसर संपवला, की कामगार आधीच्या मालकाच्या ना हरकतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकेल. बातमी मी चार वेळा वाचली. आखातात हे वारं आधीपासून होतं. बहरीननं २००९ मध्येच अशी मोकळीक दिली होती. कतारनं २०२० मध्ये ना हरकतीची अट काढली, सौदीनं मार्च २०२१ मध्ये बदल लागू केले, अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून नवा कामगार कायदा आला. कफाला कुठेच पुरता गेलेला नाही. व्हिसा अजूनही मालकाच्याच नावाला जोडलेला असतो, आणि घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत या सुधारणा फार कमी पोचतात. मस्कतमध्ये आमच्या इमारतीत एका घरी स्वयंपाक करणारी आंध्रची बाई होती. आम्ही स्टाफरूममध्ये रिलीजवर तावातावानं बोलायचो, ती आपली सुट्टी कधी मिळेल एवढंच विचारायची. ती मला अजून आठवते.

नवी नेमणूक मिळाली मार्च २०२१ मध्ये, एका तिसऱ्याच शाळेत. सात किलोमीटरवरच्या शाळेतली जागा केव्हाच भरली होती. ९ एप्रिलपासून रायपुरात कडक टाळेबंदी लागली. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. या शहरात ज्यांनी तो एप्रिल पाहिला त्यांना सांगायला नको. २४ एप्रिलला ओमाननं भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. तो उघडला १ सप्टेंबरला, तिथे मान्य असलेल्या लसीच्या दोन मात्रा झालेल्यांसाठी. माझ्या दोन्ही कोविशील्डच्या होत्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी निघाले. बाबांनी पेटीतून पाकीट काढून दिलं. अपोस्टिलचे कागद तेच, सहा वर्षांपूर्वीचे, चिकटपट्टी पिवळी पडलेली. परत शिक्का मारून आणावा लागला नाही, याचा सगळ्यात जास्त आनंद बाबांनाच झाला.

आणि शेवटी मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. पहिल्याच आठवड्यात तांब्याची नळी विकत आणली.

दुसरी बदली मी २०२४ च्या एप्रिलमध्ये केली. कारण साधं होतं: दुसऱ्या शाळेत विभागप्रमुखाची जागा. या वेळी मी सगळं जपून केलं. तोंडी राजीनामा दिला नाही. लेखी दिला, त्याच्या प्रतीवर पोच घेतली, आणि करारात नोटिशीचा जेवढा काळ लिहिला होता तेवढा पुरा भरला. नव्या शाळेनं कामगार मंत्रालयाकडे मागणी टाकली, जुन्या शाळेकडून करार संपल्याची नोंद झाली. मध्ये एक वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, नवं कार्ड. मी देश सोडला नाही. दार्सैतची खोलीही सोडली नाही. एका दुपारी फोनवर संदेश आला की बदली पूर्ण. मी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसले. सहा वर्षांपूर्वी याच गोष्टीसाठी मला समुद्र ओलांडून घरी जावं लागलं होतं, आणि आज फोनवर दोन ओळी.

सगळं सोपं झालंय असं मात्र मी कुणाला सांगत नाही. बदलीची नोंद पूर्ण होण्याआधी नव्या शाळेत एक तासही शिकवायचा नाही, मग मुख्याध्यापक कितीही आग्रह करोत, कारण त्या तासाचा दंड शिक्षकाच्याही अंगावर येऊ शकतो. करार दोन भाषांत असतो. अरबी मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, कारण वाद झाला की तोच धरतात. मूळ वेतन आणि भत्ते वेगळे लिहिलेत का ते पाहायचं, कारण नोकरीअखेरची ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात. २०१८ मध्ये मला पहिल्या तीन वर्षांना वर्षाला पंधरा दिवसांचंच वेतन मिळालं. २०२३ च्या नव्या कायद्यानं ते पहिल्या वर्षापासून महिन्याचं झालं. पासपोर्ट आणि मूळ पदव्या आपल्याच ताब्यात ठेवायच्या. अनुभवाचा दाखला नोकरीत असतानाच मागायचा, कारण निघून गेल्यावर त्या कार्यालयाला तुमची गरज उरलेली नसते. यातली एकेक गोष्ट मी कुणाच्या तरी अडलेल्या कामावरून शिकले, काही माझ्या स्वतःच्या.

दर उन्हाळ्यात मी दीड महिना घरी येते. आता चौबे कॉलोनीत ‘ओमानवाली मॅडम’ म्हणून माझी ओळख झालीय आणि संध्याकाळी कुणी ना कुणी कागद घेऊन येतं. यंदा समता कॉलोनीतली एक मुलगी आली, पंचविशीची, गणिताची एम.एस्सी., बी.एड. मस्कतच्याच एका शाळेचं पत्र हातात. मी नेहमीच्या सवयीनं आधी बारावी मागितली. छत्तीसगड मंडळाची, २०१७ ची. पदव्याही इथल्याच. म्हणजे सगळं एकाच राज्यात, भोपाळची रात्रीची गाडी नाही.

बाबा पलीकडे आरामखुर्चीत बसले होते, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी हात पुढे केला, मुलीनं प्रमाणपत्र दिलं. चष्मा वर करून त्यांनी शिक्का वाचला, मान हलवली आणि कागद परत दिला.

मुलगी माझ्याकडे वळली. ‘‘मावशी, ते म्हणतात, पहले आ जाओ, बाकी बाद में देखेंगे. आणि दोन वर्षांनी मला दुसरीकडे जायचं असलं तर?’’

मी करार उघडला, पेन्सिल घेतली, आणि नोटिशीचं कलम शोधायला लागले.